कॅरीच्या व्हरांड्यात ऐकलेली यानोमामी स्वप्नं

सत्याऐंशी सालच्या मे महिन्यात माझ्या सुपरवायझरनं मला विचारलं, "तुला ड्राइव्ह करता येतं?" मी म्हटलं, "नाही." तरी त्या कामाला शेवटी मीच गेले.

तेव्हा मी न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला राहत होते. नागपूरहून लायब्ररी सायन्स शिकायला येऊन पावणेदोन वर्षं झाली होती. विद्यापीठाच्या लायब्ररीच्या तळघरात जुन्या टेपची रिळं तपासायची, त्यांच्या प्रती काढायच्या आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, हे माझं अर्धवेळ काम. आमच्याकडे पूर्वी शिकवणाऱ्या, आता निवृत्त होऊन नॉर्थ कॅरोलायनात कॅरीजवळ राहणाऱ्या एका बाईंचं पत्र आलं होतं. त्यांना मी इथं रूथबाई म्हणते. त्यांच्याकडची एकसष्ट रिळं त्या लायब्ररीला देणार होत्या. पोस्टानं पाठवायला तयार नव्हत्या. कुणीतरी यावं, समोर बसून यादी करावी, मग न्यावीत. रिळांवर काय आहे, तेही एका ओळीत लिहिलं होतं: यानोमामी लोकांनी सकाळी उठून सांगितलेली स्वप्नं.

यानोमामी म्हणजे ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवरच्या जंगलातले लोक. एवढं मी विश्वकोशात पाहून घेतलं. "मी जाते" मात्र त्याआधीच म्हणून बसले होते.

कारण सांगते. फेब्रुवारीत माझी आई गेली. शेजाऱ्यांच्या फोनवरून धाकट्या भावाचा, प्रशांतचा कॉल आला तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते. "आता येऊन काय करशील ताई," तो म्हणाला. परीक्षा होती, व्हिसाचे कागद अडकलेले होते. मी गेले नाही. त्यानंतर आई माझ्या स्वप्नात यायला लागली, आणि तीही नागपूरच्या घरात नव्हे. तिनं कधी न पाहिलेल्या पिस्कॅटवेत. कपडे धुवायच्या दुकानात मशीनला टेकून उभी, बसस्टॉपवर बर्फात चपला घालून उभी. बोलायची नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या घरी स्वप्नांना मान नव्हता. आईबाबांनी दीक्षा घेतली तेव्हाच नवस, कौल, अंगात येणं, स्वप्नातले संकेत हे सगळं घराबाहेर काढलं होतं, आणि परत आत येऊ नये म्हणून आई दारात उभी असल्यासारखी वागायची. तिच्याच मुलीनं स्वप्नाचा अर्थ शोधत फिरावं, याची मला लाज वाटत होती.

गुरुवार

लिफ्ट मिळाली निर्मला मावशींची. मावशी मुंबईच्या, न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात नर्स. त्यांची बहीण कॅरीत राहायची, भावजी औषधांच्या कंपनीत. मावशी चार दिवसांची रजा टाकून निघाल्या होत्या. "गप्पा मारणारं कुणी हवंच होतं मला. नाहीतर व्हर्जिनियात झोप लागते," त्या म्हणाल्या.

रस्त्याचं विचारणाऱ्यांसाठी: सकाळी सहाला निघा. टर्नपाइक नावाच्या टोलरस्त्यानं दक्षिणेला, डेलावेअरचा मोठा पूल, मग बाल्टिमोरचा बोगदा, वॉशिंग्टनला वळसा. वॉशिंग्टन सकाळी दहाच्या आत गाठायचं नाही, ऑफिसची गर्दी संपू द्यायची. रिचमंडच्या पुढे पीटर्सबर्गला रस्ता फुटतो, तिथं उजवीकडचा धरायचा. आमच्याकडे कागदी नकाशा होता आणि तो माझ्या मांडीवर होता, त्यामुळे आम्ही हे वळण चुकलो. पेट्रोल तेव्हा गॅलनला डॉलरच्या आतबाहेर होतं, म्हणून चुकण्याचं फार दुःख झालं नाही. मावशींनी मेथीचे पराठे आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं. व्हर्जिनियातल्या एका रेस्ट एरियात बाकावर बसून आम्ही ते खाल्लं. शेजारच्या बाकावरचे आजोबा लोणच्याच्या वासानं दोनदा वळून बघत होते. मावशींनी त्यांनाही एक फोड दिली. त्यांचे डोळे मोठे झाले, पण त्यांनी ती संपवली.

पीटर्सबर्गनंतर दोन्ही बाजूंना पाइनचं जंगल सुरू होतं आणि संपतच नाही. तिथं मी मावशींना आईचं सांगितलं.

"काहीतरी मागत असेल गं," मावशी म्हणाल्या. "कावळ्याला घास ठेव."

"आमच्यात नाही तसं. आम्ही बौद्ध."

मावशींनी सरळ विचारलं, "मग तुमच्यात काय करतात?"

"वंदना घेतात. आईच्या पुण्यानुमोदनाला भावानं वस्तीतल्या पोरांना वह्या वाटल्या."

"चांगलं केलं," त्या म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळानं, "पण तू नव्हतीस ना तिथं. तेच असेल."

चारनंतर कॅरीत पोचलो. आजच्या कॅरीशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा ते झाडांमध्ये वसलेलं लहान गाव होतं. नव्या वसाहतींसाठी ठिकठिकाणी लाल माती उकरलेली होती. मावशींच्या बहिणीनं वरणभात केला होता.

शुक्रवार

रूथबाईंचं घर गावाबाहेर होतं. विटांचं, बैठं, मागे जाळी लावलेला व्हरांडा. सत्तरीच्या बाई, उंच, केस मुलासारखे कापलेले. उजवा हात थरथरायचा, म्हणून चहाचा कप त्या डाव्या हातानं धरायच्या. व्हरांड्यात खुर्च्यांऐवजी झोळीसारखे सुती झुले टांगले होते. "झुल्यात बसता येतं का तुला?" त्यांनी विचारलं. मला झोपाळ्याची सवय, पण हा झुला वेगळाच. पहिल्यांदा बसले ती मागच्या बाजूनं खालीच आले. दोघी हसलो आणि काम सोपं झालं.

आम्ही इंग्रजीत बोलत होतो. मी इथं मराठीत लिहितेय.

रूथबाई सत्तरच्या दशकात तीन वर्षं त्या लोकांत राहिल्या होत्या. शाबोनो म्हणजे एकच प्रचंड गोल घर. कडेनं छप्पर, मधलं अंगण आभाळाला उघडं. छपराखाली प्रत्येक कुटुंबाची चूल आणि तिच्याभोवती झुले. भिंती नाहीत. पहाटे कुणीतरी झुल्यातूनच बोलायला लागतं, मी रात्री अमुक पाहिलं. पलीकडून कुणी विचारतं, मग? सगळं घर ऐकत असतं.

"ते स्वप्नाचा अर्थ लावतात का?" मी विचारलं.

"तू काल इथं गाडीनं आलीस. त्याचा अर्थ काय लावशील?" त्या म्हणाल्या. "तू आलीस, बस. त्यांना स्वप्नही तसंच. शरीर झुल्यात पडलेलं असतं आणि आतलं माणूस बाहेर पडून कुठंतरी जाऊन आलेलं असतं. सगळ्यांना लांबचं जमत नाही. साधी माणसं जवळपास फिरतात, नातेवाइकांकडे, शिकारीच्या वाटेवर. शामान, म्हणजे त्यांचे मांत्रिक-वैद्य, असतात ते लांब जातात. जंगलाचे आत्मे, आभाळाच्या पाठीवरची गावं, सगळं बघून येतात. ते त्यांचं शिक्षणच असतं. वर्षानुवर्षं करावं लागतं."

मग त्यांनी एक रीळ लावलं. आधी पावसाचा आवाज, कुत्रं, कुणाचं तरी खोकणं. मग एका बाईचा आवाज. जाडसर, जरा बसलेला, मजेत असलेला. ती बोलत होती आणि मध्येच लांबून कुणीतरी खळखळून हसत होतं. रूथबाई हळूहळू सांगत गेल्या. त्या बाईला स्वप्नात तिचा भाऊ दिसला होता. तो लग्न होऊन नदीच्या वरच्या अंगाला राहायला गेलेला. स्वप्नात तो नुसता बसून केळं सोलत होता.

"हे सांगून झालं आणि तिनं टोपली भरली," रूथबाई म्हणाल्या. "मी विचारलं, कुठं निघालीस? म्हणाली, भावाकडे. त्याला माझी आठवण येतेय. मला वाटलं, ही चुकून बोलली. म्हटलं, तुला त्याची आठवण येतेय, म्हणून तो दिसला ना? तर सगळं घर मला हसलं. आठवण त्याला येते म्हणून तो दिसतो. ज्याला ओढ लागते तोच येतो. एवढंही कळत नाही हिला! तीन दिवसांची चाल होती. मीही गेले तिच्याबरोबर. तिथं पोचल्यावर मी भावाला विचारलं, खरंच आठवण येत होती का? तो म्हणाला, म्हणजे काय, ती आली की नाही?"

मी हसले. मग हसू थांबलं. "आणि मेलेलं माणूस दिसलं तर?"

रूथबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तेच. त्यांनाही आठवण येते. वर त्यांचं गाव असतं, तिथं सगळं चांगलं असतं, पण जिवंत माणसं नसतात. म्हणून ते बोलावतात. ते मात्र धोक्याचं. त्यांच्यामागं जायचं नसतं. म्हणून माणूस गेलं की त्याचं सगळं जाळतात. झुला, बाण, मणी, त्यानं लावलेली झाडंसुद्धा तोडतात. हाडांची राख केळ्याच्या पेजेत घालून जवळची माणसं पितात, म्हणजे तीही उरत नाही. नाव पुन्हा कुणी घेत नाही. आपल्याला ते कठोर वाटतं. पण इतकं रडणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत."

मी पेन उचललं. "या रिळावर काय लिहू? बाईंचं नाव?"

रूथबाईंनी टेप थांबवली. मग म्हणाल्या, "ती गेली. जंगलातून रस्ता काढला तेव्हा रस्त्याबरोबर गोवर आला. अर्धं घर रिकामं झालं."

तिच्या आवाजाची सात रिळं होती. लोकांनी रूथबाईंकडे तिचे फोटो मागितले. त्यांनी दिले, जाळले गेले. टेपचं कुणी विचारलं नाही, कारण त्या पेटीत आवाज राहतो हे फक्त दोघातिघांना ठाऊक होतं आणि तेही त्या साथीत गेले. रूथबाई गप्प राहिल्या आणि रिळं घेऊन अमेरिकेत आल्या.

"दहा वर्षं मी ती रिळं ठेवली. आणि दहा वर्षं ती बाई माझ्या स्वप्नात येते," त्या म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी एक यंत्र आणलं. मला ते ओळखीचं होतं, आमच्या तळघरातही एक होतं. इस्त्रीएवढं, जड. आत चुंबक असतं, रिळावरून फिरवलं की सगळं पुसलं जातं. "माझा हात स्थिर राहत नाही. तू करशील?"

मी झुल्यातून उठलेच. "मी लायब्ररीची माणूस आहे. आम्ही पुसत नाही, आम्ही ठेवतो. असा आवाज जगात दुसरीकडे नाही."

"नाही. म्हणूनच."

"उद्या तिची मुलं मोठी होतील, त्यांना ऐकायचा असेल तर?"

"तिला मुलं होती. होती," रूथबाई म्हणाल्या.

मला राग आला, आणि तो कशाचा हे कळायच्या आधी मी बोलून गेले. माझ्या आईनं मला कॅसेट पाठवली होती. तिला लिहिता यायचं, पण पत्र ती सरकारी अर्जासारखं लिहायची, म्हणून प्रशांतच्या टेपरेकॉर्डरवर बोलून पाठवायची. शेवटची कॅसेट ती गेल्याच्या फोननंतर बारा दिवसांनी पोस्टानं आली. ती मी कधीच पुसणार नाही, मी म्हटलं.

"काय आहे तिच्यात?"

"माहीत नाही. ऐकली नाही अजून."

"कुठं आहे?"

"पर्समध्ये."

रूथबाईंनी यंत्र उचलून टेबलाखाली ठेवलं आणि विचारलं, "जेवायचं का?"

जवळच्या एका बारबेक्यूच्या दुकानात आम्ही जेवलो. तिकडं गेलात तर खाच: रात्रभर धुरात शिजवलेलं डुकराचं मांस, वर व्हिनेगर आणि मिरची, बरोबर मक्याच्या पिठाची गोल भजी. चहा मात्र गार आणि पाकासारखा गोड.

शनिवार

सकाळी नाश्त्याला मावशींना सगळं सांगितलं. त्यांची चौदा वर्षांची भाची रीना कॉर्नफ्लेक्स खात ऐकत होती. "But it's not her tape, right? It's that lady's voice," ती मध्येच म्हणाली आणि पुन्हा खाऊ लागली.

मावशी पोह्यांवर लिंबू पिळत होत्या. "आमच्या वॉर्डात पेशंट गेला की अर्ध्या तासात बेड क्लीन करतो आम्ही. नवा पेशंट येतो. मला त्याचं काही वाटत नाही. पण एकदा एक बाई नवऱ्याची उशी मागून घेऊन गेली, तीही मी दिली. रूल नव्हता. तू काय करावंस ते मला नाही सांगता यायचं, सुजाता. पण ज्याचं माणूस त्याला विचारायचं, एवढं मला कळतं."

ज्यांचं माणूस होतं त्यांनी तर सांगितलेलं होतं. फोटो मागून जाळले होते. त्यांचं म्हणणं दहा वर्षांपूर्वीच झालं होतं. ते आम्हाला दोघींना आवडलं नव्हतं, इतकंच.

व्हरांड्यात पोचल्यावर मी म्हटलं, "तुम्ही देणगीच्या कागदावर सही करेपर्यंत ही रिळं तुमची आहेत. सही झाली की लायब्ररीची. मी यादी चोपन्नचीच करते. पुसायचं तुम्ही. मी हात धरते."

त्यांनी मला घड्याळ काढायला लावलं, चुंबकानं बिघडतं म्हणून. पहिलं रीळ टेबलावर ठेवलं. मी विचारलं, "एकदा ऐकायचं?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, बटण दाबलं. यंत्र घुमायला लागलं, हाताला मुंग्या येतील इतकं. गोल गोल फिरवत हळूहळू लांब न्यायचं, मग बंद करायचं. एका रिळाला अर्धं मिनिटही लागत नाही. तिसऱ्या रिळाला रूथबाई रडायला लागल्या. आपण तोंड दाबून रडतो तसं नव्हे, मोठ्यानं, सूर धरून, यानोमामींच्या भाषेत काहीतरी म्हणत. मला शब्द कळत नव्हते. मी हात सोडला नाही. सातही झाल्यावर त्या झुल्यात जाऊन पडल्या आणि मी उरलेल्या चोपन्नची यादी करत बसले.

निघताना त्यांनी विचारलं, "आपण चुकलो का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

रविवार

डिकीत चोपन्न रिळं, मागच्या सीटवर मावशींच्या बहिणीनं दिलेले लाडू. पीटर्सबर्गच्या अलीकडे पुन्हा तेच पाइनचं जंगल. मावशींच्या गाडीत कॅसेट प्लेअर होता. मी विचारलं, "मावशी, आईची कॅसेट लावू?"

"लाव ना. त्यात विचारायचं काय?"

आधी प्रशांतचा आवाज, "बोल, सुरू झालं." मग आई. बाबांचा गुडघा, नळाचं पाणी, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं ते. वीसेक मिनिटं नुसत्या बातम्या. मी खिडकीबाहेर बघत होते. मग आई थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अन् काल तू दिसली मला सपनात. दारातच उभी होती, आत येऊन नाही राहिली. मी म्हटलं, अवं ये ना. तर गप्प. तुला लय आठवण येते का वं पोरी आमची? तुझा बाप हसते मला, म्हणते तूच तिचा विचार करत झोपली असशील. मी म्हटलं, नाही. तिलेच येत असंन. नाहीतर एवढ्या लांबून कशाला येईल ती."

मावशींनी गाडी कडेला घेतली. टिश्यूचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. कॅसेट चालूच होती. आई आता तूरडाळीवर बोलत होती.

जिनं सगळं घराबाहेर काढलं होतं ती माझी आई. यानोमामी हे नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. आणि ती चुकली नव्हती. मला आठवण येत होती. खूप येत होती. मी एकाही पत्रात लिहिलं नव्हतं.

घरी

सोमवारी सुपरवायझरनं यादी पाहिली. "पत्रात एकसष्ट म्हटलंय." मी सांगितलं, सात त्यांनी स्वतःकडे ठेवली. कोरी आहेत. दोन्ही वाक्यं खरी होती, तरी मला ती अनेक वर्षं टोचली. पुढं मी जन्मभर हेच काम केलं, लोकांचे आवाज सांभाळून ठेवण्याचं. अजूनही एखादा संग्रह आला की मी पहिला प्रश्न विचारते: यातल्या माणसांना हे ठेवलेलं चालणार आहे का? तरुण सहकाऱ्यांना हा फार आधुनिक प्रश्न वाटतो.

त्यानंतर थोड्याच काळात त्या जंगलात सोनं शोधणारे घुसले, रोग घेऊन. बातम्या येत राहिल्या. रूथबाईंचं एक पत्र आलं. ती बाई आता स्वप्नात येत नाही, असं लिहिलं होतं. बरं वाटतं की वाईट, ते लिहिलं नव्हतं.

माझी आई त्या प्रवासानंतर एकदाच आली. कपडे धुवायच्या दुकानातच. तिची कॅसेट मी पुसली नाही, जाळली नाही. मी यानोमामी नाही. पण दुसऱ्यांदा लावलीही नाही.

राहिलं ते एवढंच: कुणी स्वप्नात दिसलं की मी त्या माणसाला फोन करते. याची सुरुवात त्याच जूनमध्ये झाली. प्रशांत दिसला, सायकलची चेन बसवत होता. तेव्हा भारतात फोन लावणं म्हणजे सोपी गोष्ट नव्हती. शेजारच्या काकूंनी घेतला, त्यांनी हाक मारली, तो पळत आला. धापा टाकत म्हणाला, "काय झालं ताई?"

"काही नाही. तुला माझी आठवण येत होती ना?"

त्यानं आवाज खाली आणला.

"तुला कोणी सांगितलं?"